तीन चमचे इसबगोल, अर्धी वाटी दूध

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण तिथलंच. रुग्णाची आणि घरच्यांची संमती घेऊन लिहिते आहे; ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. यातली एक चूक माझी आहे, तीही सांगितली आहे.

पार्श्वभूमी

अण्णा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वय ५८. बारा वर्षांपासून मधुमेह, आणि त्याहून जुनी बद्धकोष्ठाची तक्रार. रात्री जेवणानंतर इसबगोल घ्यायची सवय वीसेक वर्षांची. घरात साखर संपली तर चालेल, इसबगोलाचा डबा रिकामा झालेला चालायचा नाही. पावसाळ्यात शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा मूळव्याध समजून दोन महिने मलमात गेले. मग नाशिकला कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून आतड्याची तपासणी) झाली आणि मोठं आतडं गुदाशयाला मिळतं तिथून थोडं खाली गाठ सापडली. कॅन्सरची होती, पण वेळेत सापडलेली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा शेवटचा तुकडा आणि गुदाशयाचा वरचा भाग काढून उरलेली दोन टोकं स्टेपलरनं जोडली. मळासाठी पोटावर पिशवी लावावी लागली नाही. लसिका ग्रंथी स्वच्छ निघाल्या, म्हणजे कॅन्सर तिथवर पोचलेला नव्हता, त्यामुळे केमोथेरपीही टळली.

पूर्वी अशा शस्त्रक्रियेनंतर 'गॅस सुटल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही' असा नियम असायचा. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी रुग्णाला लवकर उठवायचं, लवकर खायला द्यायचं, ही पद्धत पुढे आणली आणि आता ती बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. आमच्याकडेही अण्णांना दुसऱ्या दिवशी पेज मिळाली, तिसऱ्या दिवशी मऊ भात. चौथ्या दिवशी गॅस सुटला, पाचव्या दिवशी थोडी शौचाला झाली, सहाव्या दिवशी ते घरी गेले. सोबत गोळ्या होत्या: ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक, हिमोग्लोबिन ९.८ होतं म्हणून लोहाची, आणि मधुमेहाची नेहमीची मेटफॉर्मिन.

आणि सोबत माझे दोन कागद होते. पहिला 'शस्त्रक्रियेनंतरचा आहार': सहा आठवडे कमी चोथा (अन्नातले न पचणारे तंतू), मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, सोललेला बटाटा, ताक, अंडं, केळं. दुसरा 'मधुमेहींसाठी आहार', ज्यात लिहिलं होतं की भाकरी, पालेभाज्या आणि सालीसकट फळं वाढवा, पोट साफ होत नसल्यास इसबगोल घ्या. दोन्ही कागद छापील, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही मी एकाच पिनेनं जोडून दिले. अण्णांशी आणि त्यांच्या सुनेशी पंधरा मिनिटं बोलले. तिखट, तेल, दूध, साखर सगळं झालं. इसबगोल हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, कारण तो मी औषधात धरला होता. आणि डॉक्टरांनी विचारला नाही, कारण त्यांच्या लेखी तो खाण्यात येतो. वीस वर्षं रोज घेतली जाणारी वस्तू आमच्या फाईलमध्ये कुठेच नव्हती.

अडचण

घरी गेल्यावर तीन दिवस शौचाला झाली नाही. अण्णांना ही तक्रार ओळखीची, त्यामुळे घाबरले नाहीत. त्यांची थोरली बहीण, आक्का, भावाच्या सेवेला आली होती आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. सुनेनं पहिला कागद दाखवून हटकलं तेव्हा आक्कांनी दुसरा दाखवला. "हे बघ, इथं लिहिलंय की. आणि वीस वर्षं घेतोय तो, आज काय विष झालं का?"

नवव्या दिवशी रात्री अण्णांनी इसबगोल घेतला. तीन मोठे चमचे, अर्धी वाटी कोमट दुधात. दूध कमी का, तर रात्री लघवीला उठावं लागू नये. उठताना टाके ओढायचे. बोलण्यात पाच मिनिटं गेली तोवर वाटीत चमचा उभा राहील असा गोळा झाला. तो त्यांनी खिरीसारखा चमच्यानं खाल्ला. वर पाणी घेतलं नाही. सकाळी काही झालं नाही म्हणून पुन्हा तेवढाच. दुपारी मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी, कारण थंडी आणि 'उष्ण पडेल, पोट सुटेल'. शिवाय घरचे भिजवलेले बेदाणे, मूठभर.

अकराव्या दिवशी पहाटे पोट नगाऱ्यासारखं झालं. कळा लाटेसारख्या यायच्या, दोन-तीन मिनिटं टिकायच्या, ओसरायच्या. सकाळी एक उलटी झाली. सुनेनं सव्वासातला रुग्णालयात फोन केला. तो स्वागतकक्षात घेतला गेला, चिठ्ठीवर लिहिला गेला आणि माझ्या टेबलावर आठला आला. मी फोन केला तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, शेजारचे एक कंपाउंडर आलेत. एनिमा देतो म्हणतात. देऊ का?"

मी म्हणाले, "खालून काहीही देऊ नका. तोंडानंही आता काही नको, पाणीसुद्धा नको. गाडी काढा आणि सरळ इकडे या." सर्जनना मी लगेच कळवलं. सुनेनं पाऊण तास कंपाउंडरला थोपवून धरलं होतं, तेही घरातली सगळी मोठी माणसं 'देऊन टाका' म्हणत असताना. अकरा दिवसांच्या कच्च्या जोडावर खालून दाब देणं धोक्याचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला नुसतं वाटलं होतं की विचारल्याशिवाय नको. प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला तिचाच वाटतो.

समोर असलेले पर्याय

रुग्णालयात आले तेव्हा ताप नव्हता, नाडी १०४ होती, पोट फुगलेलं पण कडक नव्हतं. आतड्याच्या जोडानंतर पहिल्या दोन आठवड्यांत पोट बिघडलं की सर्जनच्या डोक्यात पहिली भीती एकच असते: जोड गळतोय का. गळती असेल तर तास मोजावे लागतात. त्यामुळे बद्धकोष्ठ असावं, जुलाबाचं देऊन बघू, हा मोह आधी बाजूला ठेवला गेला. अडथळा आहे की नाही हे कळण्याआधी जुलाबाचं औषध दिलं तर बंद दारावर मागून रेटा दिल्यासारखं होतं.

सीटी स्कॅन झाला. गळती नव्हती, पू साचलेला नव्हता. जोडाची जागा सुजून अरुंद झाली होती आणि तिच्या वर आतड्यात घट्ट मळाचा लांबच लांब गोळा बसला होता. वाट पूर्ण बंद नव्हती. थोडा गॅस खाली गेलेला दिसत होता. रक्तात पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी होतं. तेही आतडं मंदावायला हातभार लावतं.

आता दोन वाटा होत्या. एक, पुन्हा शस्त्रक्रिया: अडथळा सोडवायचा आणि गरज पडली तर तात्पुरती पिशवी. दुसरी, नाकातून नळी, सलाईन, पोटॅशियम आणि वाट बघणं. सर्जननी दुसरी निवडली, पण उघड अटी घालून: ४८ तासांत गॅस सुटला नाही, ताप आला, नाडी वाढली किंवा पोट कडक झालं तर ऑपरेशन थिएटर. ही वेळमर्यादा त्यांनी नातेवाइकांसमोर फाईलमध्ये लिहिली. 'बघू' म्हणणं आणि 'शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत बघू' म्हणणं यात बाहेर बाकावर बसलेल्या माणसांसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

काय केलं

राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, पहिल्या काही तासांत ९०० मिली हिरवट पाणी आलं आणि पोट हलकं झालं. ट्रामाडॉल बंद करून फक्त पॅरासिटामॉल ठेवलं. लोहाची गोळी थांबवली. दर दोन तासांनी हात धरून वॉर्डात फेरी. चाळिसाव्या तासाला गॅस सुटला. ही बातमी आक्कांनी व्हरांड्यात एवढ्या मोठ्यांदा सांगितली की पलीकडच्या खोलीतल्या अनोळखी लोकांनीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी नळी निघाली आणि सर्जनच्या सल्ल्यानं, भरपूर पाण्याबरोबर, पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर थोड्या मात्रेत सुरू झाली. ती फुगत नाही, मळात पाणी धरून ठेवते. तिसऱ्या दिवशी पोट साफ झालं.

असं का झालं

आक्कांना हवं होतं ते उत्तर मी त्यांना पलंगापाशी बसूनच दिलं, कारण 'इसबगोलनं केलं' एवढंच त्या घरी घेऊन जाणार होत्या, आणि ते अर्धंच खरं होतं.

इसबगोल म्हणजे एका छोट्या रोपाच्या बियांवरचं साल. उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकतं. त्याची मोठी बाजारपेठ मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझाची. हे साल पाण्यात विरघळून जात नाही आणि पचतही नाही. पाणी पिऊन फुगतं आणि त्याची बुळबुळीत जेली होते. निरोगी आतड्यात, भरपूर पाण्यासोबत, ही जेली मळाला मऊ आणि भरीव करते आणि आतड्याची भिंत तिला पुढे ढकलते. यात दोन अटी आल्या: पाणी हवं आणि ढकलणारं आतडं हवं.

अण्णांकडे दोन्ही नव्हतं. ट्रामाडॉल हे अफूच्या गटातलं औषध. ते आतड्याची ढकलच मंद करतं. अशा बद्धकोष्ठात फुगणारा चोथा देऊ नये, हे औषधशास्त्रातलं पक्कं मत आहे. ट्रॅक्टर बंद पडलेला आणि आपण मागे ट्रॉली भरत बसायचं, त्यातली गत. लोहाच्या गोळीनं मळ आणखी घट्ट केला. पाण्याचं म्हणाल, तर डिसेंबरातली निफाडची थंडी. राज्यात पारा कुठे घसरला ही बातमी दर हिवाळ्यात याच तालुक्याच्या नावानं येते. अण्णा दिवसाला तीन पेले पाणी पीत होते, त्यातही दोन चहाच्या निमित्तानं. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी येतं आणि मळात शेवटी शंभर-दोनशे मिलीच उरतं, बाकी सगळं शोषलं जातं. जे आतडं आधीच पाण्याला आसुसलेलं, त्यात कोरडा स्पंज सोडला गेला. आणि वाटेत नव्या जोडाची सूज.

वर बाजरी. बाजरीत शंभर ग्रॅममागे साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तांदळात तीनच्याही आत. मेथीचे देठ आणि बेदाण्यांची सालं त्यात भर घालून गेली. एरवी हेच ताट मी मधुमेहीला आनंदानं सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम चोथा अन्नातून घ्यायला सांगते, आणि आपल्या शहरी जेवणात तो भरत नाही म्हणून मी रोज चार जणांशी हुज्जत घालते. हा आकडा धडधाकट माणसासाठी आहे. अकरा दिवसांपूर्वी आतडं कापून जोडलेल्या माणसासाठी नाही.

आक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या कागदावर का लिहिलंय?" याला उत्तर नव्हतं. मी माफी मागितली.

दुसरी अडचण, उलट्या दिशेची

इथं संपलं असतं तर हे प्रकरण लिहिलं नसतं. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार आठवड्यांनी अण्णा पुन्हा आले, आणि आता तक्रार नेमकी उलटी होती. दिवसाला आठ-नऊ वेळा संडास, त्यातही सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पाच-सहा फेऱ्या. दर वेळी थोडंसं, पातळ. गॅस आहे की मळ हे कळत नाही, म्हणून गॅससाठीही धावायचं. दोनदा झोपेत कपडे खराब झाले. बाग ऐन भरात, मण्यांत पाणी उतरायच्या बेताला, आणि मालक घराच्या उंबऱ्यापलीकडे जायला तयार नाही. चार आठवड्यांत तीन किलो वजन घटलं होतं. दहीभाताशिवाय काही खात नव्हते. हे सगळं बोलत होती सून, अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

गुदाशय ही मळ साठवायची पिशवी. तिचा वरचा भाग गेला की साठवण कमी होते. मळ थोडा थोडा, पुन्हा पुन्हा येतो. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. हे घरी जायच्या आधी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

पण 'असं होतंच' म्हणून सोडूनही चालत नाही. प्रतिजैविकं दिलेली असली की क्लॉस्ट्रिडियम या जंतूचा संसर्ग तपासावा लागतो, तो नव्हता. दोन-अडीच आठवड्यांपूर्वी मळ अडकलेल्या माणसाला पातळ होत असेल तर वर पुन्हा गोळा बसून बाजूनं पाणी झिरपतंय का, हे बघावं लागतं. तसं असताना जुलाब थांबवायची गोळी देणं म्हणजे दुसऱ्यांदा तीच चूक. सर्जननी तपासलं: जोड मोकळा, सूज उतरलेली, गोळा नाही. मग गोळ्यांची यादी पाहिली. मेटफॉर्मिन पूर्ण मात्रेत, साधी गोळी, सकाळी रिकाम्या पोटी. मेटफॉर्मिननं पोट सुटणं ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे, आणि अण्णांच्या सकाळच्या फेऱ्यांशी वेळही जुळत होती. फिजिशियननी हळूहळू सुटणारी गोळी, तीही रात्रीच्या जेवणासोबत, अशी बदलली.

उरलेल्यासाठी पर्याय होते. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड लगेच गुण देतं, पण एकदा अडकलेल्या माणसाला पहिल्याच पावलावर ते द्यायला सर्जन राजी नव्हते. नुसतं थांबायचं म्हटलं तर वजन घसरत होतं. तिसरा पर्याय मी सुचवला आणि खोलीत शांतता पसरली.

"इसबगोल," मी म्हणाले.

आक्का उठून उभ्या राहिल्या. "अहो बाई, तुम्हीच तर बंद केलं!"

दोन पेल्यांचा प्रयोग

एकच वस्तू बद्धकोष्ठातही आणि पातळ होत असतानाही कशी चालेल, हे तोंडानं पटवणं अवघड. मी पँट्रीतून काचेचे दोन पेले आणि इसबगोल मागवला. पहिल्या पेल्यात अर्धी वाटी पाणी आणि तीन मोठे चमचे. दुसऱ्यात काठोकाठ पाणी आणि चहाचा अर्धा चमचा. ढवळून बाजूला ठेवले आणि दहा मिनिटं द्राक्षाच्या भावावर बोललो.

मग पहिला पेला मी आक्कांच्या हातात दिला आणि उलटा करायला सांगितला. त्यांनी खाली हात धरून तो उलटा केला. काही पडलं नाही. पेला हलवला, तरी नाही. दुसरा पेला ताकासारखा ओतता येत होता. किंचित दाट, बस्स. "पातळ होतंय त्यातलं सुटं पाणी हे साल धरून ठेवेल," मी म्हणाले, "आणि पाच फेऱ्यांत येणारं एकदोन फेऱ्यांत, बांधून येईल. तेव्हा जोड सुजलेला होता, ढकल बंद होती, पाणी नव्हतं. आता जोड मोकळा आहे, ढकल जास्तच आहे, आणि पाणी मी मोजून देणार आहे." आक्का बराच वेळ उलट्या पेल्याकडे बघत राहिल्या. मग अण्णांना म्हणाल्या, "हे तुझ्या पोटात होतं व्हय रे?"

पातळ शौचासाठी इसबगोल कमी पाण्यात द्यावा, म्हणजे जास्त बांधतो, असाही सल्ला काही ठिकाणी देतात. अण्णांच्या बाबतीत ती जोखीम घेतली नाही. चहाचा अर्धा सपाट चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, पूर्ण पेलाभर पाण्यात, सकाळच्या नाश्त्याआधी, ढवळल्याबरोबर प्यायचा. वर आणखी अर्धा पेला पाणी. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर, कारण जेली औषधंही अडवून ठेवू शकते. चार दिवस ठीक गेले तरच अर्धा चमचा वाढवायचा. पोट फुगलं, कळ आली किंवा उलटी झाली तर त्या क्षणी बंद आणि फोन थेट वॉर्डात. सुनेनं स्टीलच्या पेल्यावर नेलपॉलिशनं रेघ मारली: इथवर पाणी.

सोबत ब्रिस्टलचा तक्ता दिला. मळाचे सात प्रकार चित्रांतून दाखवणारा हा तक्ता इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये तयार झाला. 'आज कशी झाली' या प्रश्नाला लाजणाऱ्या माणसाला नुसता आकडा सांगता येतो, हा त्याचा मोठा उपयोग. अण्णांनी कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहायचे होते, किती वेळा आणि कोणता प्रकार. ते काम त्यांनी फवारणीच्या नोंदवहीइतक्या चोखपणे केलं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टनी शिकवले. आहारात दहीभातापलीकडे जाऊन शिजवलेलं सफरचंद, केळं, दुधी-भोपळा, ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून, असं एकेक दर तीन दिवसांनी. बाजरी आणि बेदाणे अजून बंद.

परिणाम

मेटफॉर्मिन बदलल्यावर पाच दिवसांत फेऱ्या नवावरून सहावर आल्या. इसबगोल चहाच्या दीड चमच्यापर्यंत गेल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, तीन-चारवर. कॅलेंडरवर मळाचा प्रकार पातळ सहा-सातच्या जागी मऊ चार-पाच दिसायला लागला. तीन चमच्यांना गॅस वाढला म्हणून परत दीडवर आणलं आणि तिथंच ठेवलं. काय कशामुळे झालं याचा हिशोब मी छातीठोकपणे मांडू शकत नाही. गोळी, इसबगोल, व्यायाम आणि नुसता काळ, चारही एकाच वेळी काम करत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी अण्णा तोडणीला बागेत उभे होते. वजन दोन किलो परत आलं होतं. रात्रीचा प्रश्न सुटला, सकाळची घाई पूर्ण गेलेली नाही. लग्नाला जायचं असलं की आदल्या रात्री मुगाची खिचडी आणि सकाळी निघण्यापूर्वी दोन तास मोकळे, असं त्यांनी स्वतःच बसवलं आहे. बेदाण्यांची परवानगी मागायला ते मार्चमध्ये आले. पाच, भिजवून, नीट चावून, असं ठरलं. "पाच?" ते म्हणाले. "टनावर पिकवतो मी."

काय वेगळं करता आलं असतं

दोन कागदांचं आधी. मधुमेहाचा कागद त्या दिवशी द्यायलाच नको होता. आता आमच्याकडे शस्त्रक्रियेच्या रुग्णाला एकच कागद जातो, त्यावर वर मोठ्या अक्षरात तारीख: अमुक तारखेपर्यंत हा, त्यानंतर दुसरा घ्यायला या. 'सहा आठवडे' असं छापणंही मी थांबवलं. कमी चोथा किती दिवस, यावर सर्जन-सर्जनमध्ये फरक आहे. कुणी दोन आठवड्यांत मोकळं करतात, कुणी सहा. शस्त्रक्रिया कुठल्या भागाची आणि जोड कसा आहे यावरही ते बदलतं. पिशवी लावलेल्या रुग्णाचं गणित तर आणखी निराळं. त्यांना मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेवग्याच्या शेंगा यांनीच अडकतं. तेव्हा तारीख सर्जन घालतात, मी नाही.

घरी जाताना अफूच्या गटातली गोळी असेल तर तिच्या सोबत पोट साफ राहण्याचं काय, हे त्याच वेळी लिहून द्यायला हवं. अण्णांना पहिल्या दिवसापासून पॉलिइथिलिन ग्लायकॉल मिळालं असतं, किंवा ट्रामाडॉल तीन दिवसांत थांबलं असतं, तर डब्याकडे हात गेलाच नसता असं मला वाटतं. सर्जनचं मत थोडं वेगळं आहे: वीस वर्षांची सवय, हात गेलाच असता. असेलही.

सव्वासातचा फोन आठला पोचणं यावर मी जास्त बोलत नाही. शस्त्रक्रिया होऊन महिना न झालेल्या रुग्णाचा पोटाबद्दलचा फोन आता थेट वॉर्डातल्या नर्सकडे जोडला जातो.

आणि मी सुनेशी बोलले, आक्कांशी नाही. पलंगाशी कोण बसलंय यावरून आम्ही ठरवतो कुणाला समजवायचं; घरी गेल्यावर चूल कुणाकडे आहे हे विचारत नाही. आता विचारते. शिवाय सांगते की घरात पोटासाठी जे काही घेता, डबा, पुडी, बाटली, ते सुटीच्या आदल्या दिवशी इथं घेऊन या.

मागच्या आठवड्यात सिन्नरच्या एका बाईंनी नवऱ्यासाठी पिशवी आणून टेबलावर पालथी केली. इसबगोल, त्रिफळा चूर्ण, एरंडेल, आणि लेबल गेलेली एक काळी बाटली. सर्जनना विचारून इसबगोलावर तारखेची पट्टी चिकटवली. त्रिफळ्यावर 'विचारून'. एरंडेलावर नुसती फुली. काळ्या बाटलीत काय आहे ते बाईंनाही माहीत नव्हतं. ती त्यांनी परत नेली नाही, आमच्या कपाटातच आहे.